झिगलरच्या राईतली इमारत

२०१३ च्या मार्चमध्ये, गेटिसबर्गच्या लढाईला दीडशे वर्षं पूर्ण व्हायला जेमतेम चार महिने उरले असताना, तिथल्या सेमेटरी रिज नावाच्या लांबट टेकाडावर पाडकाम चाललं होतं. यंत्रांच्या जबड्यात सापडलेली ती पांढरी गोल इमारत अतिक्रमणात उभी राहिलेली नव्हती. तिचा आराखडा रिचर्ड नॉयट्रा यांच्यासारख्या जगप्रसिद्ध वास्तुरचनाकाराचा होता. पैसा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा होता. शिवाय ती ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत घेण्याच्या लायकीची आहे, असा निर्वाळा १९९८ साली सरकारच्याच अधिकाऱ्यानं दिलेला होता. बांधणारं खातं नॅशनल पार्क सर्व्हिस, पाडणारंही तेच. जतन हेच ज्याचं काम, त्या खात्यानं जपण्याजोगी एक वस्तू जपण्याजोग्या दुसऱ्या वस्तूसाठी जमीनदोस्त केली.

माझ्या मते निर्णय बरोबर होता. त्यासाठी सांगितलेलं कारण मात्र मला अर्धंच पटतं. म्हणून हे प्रकरण जरा खोलात जाऊन मांडतो आहे.

जागा

पेनसिल्व्हेनिया राज्यातलं गेटिसबर्ग हे १८६३ साली अडीच हजारांच्या आतल्या वस्तीचं गाव. अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांमधल्या यादवी युद्धाचं तिसरं वर्ष होतं. १ ते ३ जुलै या तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून दीड लाखाहून जास्त सैनिक तिथे भिडले. मेलेले, जखमी, कैद झालेले आणि बेपत्ता धरले तर आकडा ५१,००० च्या घरात जातो. तिसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांनी बाराएक हजारांचं पायदळ उघड्या शेतांतून सेमेटरी रिजवर सोडलं. 'पिकेटचा हल्ला' म्हणून तो प्रसिद्ध आहे. तो फसला, आणि दुसऱ्या दिवशी लींची सेना माघारी वळली.

या टेकाडाच्या उत्तर टोकाला झिगलर यांची राई होती, झिगलर्स ग्रोव्ह. तिच्या आसऱ्यानं उत्तरेच्या अलेक्झांडर हेज यांची डिव्हिजन दगडी बांधाआड उभी होती. तिथून दक्षिणेला चालत गेलं की त्या बांधाचा काटकोनी कोपरा लागतो, त्याला नुसतं 'द अँगल' म्हणतात, आणि त्याच्या शेजारी झाडांचा एक पुंजका. हल्ल्याची लाट येऊन फुटली ती इथे. आणि राईच्या अगदी कडेला एक छोटं घर आणि गोठा. ते अब्राहम ब्रायन या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याचं. १८५७ मध्ये त्यानं १२ एकर जमीन घेतली होती. गहू, बार्ली, थोडं गवत, एक लहान फळबाग.

राई, पुंजका आणि ब्रायनचं घर एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. नॉयट्रांची इमारत उभी राहिली ती राईतच.

जमीन कशी वाचली

रणभूमी आपोआप टिकत नाही. शेतकऱ्याला नांगरायचं असतं, लाकूड विकायचं असतं, सरपणाला आणि कुंपणाला झाडं लागतात. गेटिसबर्ग टिकलं याचं मोठं श्रेय स्थानिक वकील डेव्हिड मॅकॉनही यांच्याकडे जातं. लढाई संपून काही आठवडेही झाले नसतील, तोच त्यांनी जागा विकत घ्यायला सुरुवात केली. १८६४ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे युद्ध अजून चालू असतानाच, गेटिसबर्ग बॅटलफील्ड मेमोरियल असोसिएशन कायदेशीररीत्या स्थापन झाली.

पण मला या भागातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती त्या झाडांच्या पुंजक्याची. युद्धानंतर ती जमीन बेसिल बिग्ज नावाच्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यानं घेतली. बिग्ज मूळचा मेरिलँडचा. मुलांना शिकता यावं म्हणून १८५८ मध्ये तो गेटिसबर्गला आला होता. एक दिवस तो ती झाडं तोडायला लागला. जॉन बॅचेल्डर हा चित्रकार लढाईचा इतिहास लिहिण्यासाठी तिथे ठाण मांडून होता. त्यानं बिग्जला गाठलं आणि या झाडांना इतिहास आहे, राहू दे, असं सांगून पाहिलं. बॅचेल्डरच्याच सांगण्यानुसार इतिहासाचा मुद्दा फारसा चालला नाही. ही झाडं उभी राहिली तर पुढे लाकडाच्या कितीतरी पट किंमत येईल, हा मुद्दा चालला. कुऱ्हाड थांबली. आज तो पुंजका लोखंडी कुंपणात आहे आणि त्याच्यासमोर १८९२ मध्ये बसवलेलं 'बंडाच्या भरतीची कमाल रेषा' अशा अर्थाचं स्मारक आहे. ही कल्पना बॅचेल्डरची. हल्ल्याचं लक्ष्य नेमकी हीच झाडं होती का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. तो वाद मिटला नाही तरी कुंपण हलणार नाही, हे उघड आहे.

मग म्हाताऱ्या सैनिकांची पिढी आली आणि स्मारकांचा पाऊस पडला. आज तिथे १,३०० च्या वर स्मारकं, खांब, फलक आहेत. आपली पलटण कुठे उभी होती, हा प्रत्येकाच्या अब्रूचा प्रश्न. असोसिएशनचा नियम असा, की पलटणीनं लढाईची फळी जिथे धरली होती तिथे दगड लावायचा; ती पुढे कुठवर धावली ते नंतरचं. फिलाडेल्फियाच्या ७२ व्या पेनसिल्व्हेनिया पलटणीला हा नियम झोंबला. त्यांना दगडी बांधाजवळच, अगदी पुढे, जागा हवी होती. असोसिएशन म्हणे, तुम्ही सुरुवातीला मागे होतात. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १८९१ मध्ये पलटण जिंकली. बंदूक उलटी धरून दस्त्यानं मारायच्या पवित्र्यातला त्यांचा ब्राँझचा सैनिक आजही त्या बांधालगत उभा आहे. रणभूमीवरचा दगड जितका १८६३ बद्दल सांगतो, तितकाच तो बसवला त्या सालाबद्दलही सांगतो. हे लक्षात ठेवू, पुढे लागेल.

त्यानंतर ट्रॉली. १८९३ मध्ये एका कंपनीनं पर्यटकांसाठी रणभूमीवरून विजेची ट्रॉली टाकायला घेतली आणि दक्षिणेकडच्या डेव्हिल्स डेनच्या खडकांत सुरुंग लागले. केंद्र सरकारनं जमीन सक्तीनं संपादन करायचं ठरवलं. कंपनी कोर्टात गेली. रणभूमी जपणं हा 'सार्वजनिक वापर' होतो का? जानेवारी १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की होतो. ऐतिहासिक जागा वाचवण्यासाठी सरकारला भूसंपादन करता येतं, हा त्या देशातला पायाभूत निकाल. गंमत अशी, की ट्रॉली त्यानंतरही १९१६ पर्यंत धावत राहिली. निकाल आणि जमीन यांच्यामधलं अंतर कुठेही सारखंच.

विसरण्याचा सोहळा

१९१३ मध्ये पन्नासाव्या वर्षी पन्नास हजारांहून जास्त माजी सैनिक गेटिसबर्गला तंबू ठोकून राहिले. ३ जुलैला पिकेटच्या हल्ल्यातले म्हातारे आणि त्यांना अडवणारे म्हातारे त्याच दगडी बांधावर हात मिळवून उभे राहिले. छायाचित्रं पाहिली तर डोळे पाणावतात, खोटं कशाला बोला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी भाषणात सांगितलं की भांडण आता विसरलं गेलं आहे, शौर्य तेवढं विसरायचं नाही.

भांडण कशाचं होतं, ते त्या सोहळ्यात आलं नाही. कोणी कुठे उभं राहून कोणावर गोळी झाडली, याचा बारीकसारीक हिशेब गेटिसबर्गच्या फलकांनी पुढची ऐंशी वर्षं दिला. झाडली का, याचा दिला नाही. मिसिसिपी राज्यानं १८६१ मध्ये संघराज्यातून फुटताना जो जाहीरनामा काढला, त्यात आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पुरती जोडलेली आहे, असं सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं. कागद कधीच लपवलेला नव्हता. रणभूमीवर मात्र तो कुणी आणला नाही.

मराठी वाचकाला इथे एक गोष्ट आठवायलाच हवी. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, त्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा या इच्छेनं. लढाईनंतर अवघ्या दहा वर्षांत, पुण्यात बसलेल्या माणसाला ते युद्ध कशासाठी झालं हे एका अर्पणपत्रिकेत सांगता आलं. प्रत्यक्ष रणभूमीवरच्या फलकाला ते सांगायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली.

नॉयट्रांचा गोल डबा

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारीतून फिरायला निघालेल्या अमेरिकनांनी राष्ट्रीय उद्यानं भरून गेली. सोयी तोकड्या. म्हणून १९५६ मध्ये पार्क सर्व्हिसनं 'मिशन ६६' हा दहा वर्षांचा कार्यक्रम हाती घेतला: रस्ते, वाहनतळ आणि 'व्हिजिटर सेंटर' ही त्या काळी नवीच असलेली कल्पना. जुन्या लाकडी, देहाती वळणाच्या बांधकामाऐवजी आधुनिक इमारती. गेटिसबर्गचं काम नॉयट्रा आणि त्यांचे भागीदार रॉबर्ट अलेक्झांडर यांना मिळालं. इमारत १९६२ मध्ये उघडली.

तिचा मुख्य भाग म्हणजे काँक्रीटचा एक भलामोठा बिनखिडक्यांचा पिंप. त्याच्या पोटात सायक्लोरामा चित्र. पिंपाला जोडून कचेरीची लांब, बुटकी बाजू, तिच्या काचांवर उन्हाप्रमाणे फिरणाऱ्या उभ्या पट्ट्या. वर गच्चीवर न्यायला उतरंडीचा रस्ता, तिथून रणभूमी पाहायची. नॉयट्रा जन्मानं व्हिएन्नाचे, लढाईनंतर काही महिन्यांनी राष्ट्राध्यक्ष लिंकननी गेटिसबर्गला केलेल्या भाषणानं भारावलेले. दरवर्षी थोरामोठ्यांनी यावं आणि आतल्या-बाहेरच्या श्रोत्यांसमोर लिंकनच्या त्या छोट्याशा भाषणाला उजाळा द्यावा, अशी त्यांची कल्पना, म्हणून सरकणारी मोठी दारं आणि व्यासपीठही आराखड्यात होतं. माणसानं मनापासून काम केलं होतं यात शंका नाही.

पण जागा? ती खात्यानं निवडली होती. लढाईच्या फळीवरच, राईच्या मधोमध. पर्यटकाला गाडीतून उतरल्या उतरल्या सगळं दिसावं, ही त्यामागची दृष्टी. हेजच्या माणसांनी जिथे उभं राहून हल्ला परतवला, तिथेच वाहनतळ आला. बांधकामाला जागा करण्यासाठी काही स्मारकंसुद्धा सरकवली गेली. ज्या दगडांसाठी एके काळी पलटणी कोर्टात गेल्या होत्या, तेच दगड.

आता त्या चित्राबद्दल थोडं, कारण ते समजल्याशिवाय इमारतीचं दुखणं समजत नाही. सायक्लोरामा म्हणजे प्रेक्षकाला मधोमध उभं करून चहूबाजूंनी लावलेलं एकसंध गोलाकार चित्र. सिनेमा येण्याआधीचा सिनेमाच. पॉल फिलिपोतो या फ्रेंच चित्रकारानं पिकेटच्या हल्ल्याचं असं चित्र १८८३ मध्ये शिकागोसाठी आणि लगेच १८८४ मध्ये बॉस्टनसाठी केलं. बॉस्टनचं ते १९१३ मध्ये गेटिसबर्गला आलं आणि १९४२ मध्ये पार्क सर्व्हिसनं घेतलं. असं कापड सपाट भिंतीसारखं लटकवायचं नसतं. वर कडं, खाली वजन, असं ताणलं की मध्ये ते प्रेक्षकाकडे किंचित फुगतं आणि क्षितिज जवळ आल्यासारखं वाटतं. त्याच्या पायथ्याशी खरी माती, खरं कुंपण, मोडका गाडा अशी मांडणी असते, त्यामुळे खरं कुठे संपतं आणि रंग कुठे सुरू होतो ते कळत नाही. नॉयट्रांच्या पिंपात चित्र न्हाणीघरातल्या पडद्यासारखं वरून नुसतं लोंबत होतं. त्याला घड्या पडल्या होत्या. वरच्या आकाशाचा मोठा पट्टा आधीच कापला गेला होता, आणि खालची मांडणी नव्हती. त्यात छप्पर गळायचं आणि दमटपणा. चित्राचं घर म्हणून बांधलेली इमारत चित्रालाच सोसेना.

यात इमारतीचा दोष किती आणि डागडुजीत कसूर करणाऱ्यांचा किती, हा प्रश्न नंतर तिच्या बाजूनं लढणाऱ्यांनी नेहमी विचारला. रास्त होता. सपाट छप्पर गळतं, हे कुठल्याही गावच्या गवंड्याला माहीत असतं. ते दर काही वर्षांनी पाहावं लागतं, हेही माहीत असतं.

मनोरा, थोडक्यात

याच काळात रणभूमीला लागून खासगी जमिनीवर तीनशे फुटांहून उंच असा लोखंडी जाळीचा मनोरा उभा राहिला. १९७४ मध्ये तो सुरू झाला. राज्य सरकारनं तो अडवायला कोर्टात धाव घेतली आणि १९७३ मध्ये हरलं. रणभूमीवर कुठेही उभं राहा, तो डोळ्यांत खुपायचा. अखेर केंद्र सरकारनं भूसंपादन केलं आणि ३ जुलै २००० रोजी, म्हणजे पिकेटच्या हल्ल्याच्याच तारखेला, राष्ट्रीय उद्यानं ज्या अंतर्गत खात्याकडे येतात त्याचे मंत्री ब्रूस बॅबिट यांच्या उपस्थितीत तो सुरुंगानं पाडला. आधी तोफा डागल्याचा देखावा केला, जणू तोफांनीच मनोरा पाडला. टाळ्या पडल्या. मनोऱ्याच्या बाजूनं बोलणारं फारसं कुणी नव्हतं, म्हणून ते प्रकरण सोपं गेलं. नॉयट्रांच्या इमारतीला बोलणारे होते.

खटला

१९९९ च्या व्यवस्थापन आराखड्यात पार्क सर्व्हिसनं ठरवलं, की रणभूमी सैनिकांना दिसली तशी पुन्हा दिसायला हवी. लढाईनंतर वाढलेलं ५७६ एकर जंगल काढायचं, हरवलेल्या फळबागा पुन्हा लावायच्या, मैलोन् मैल लाकडी कुंपणं घालायची. आणि झिगलरच्या राईतलं जुनं व्हिजिटर सेंटर आणि नॉयट्रांची इमारत दोन्ही पाडायच्या. नवं केंद्र टेकाडामागे, मोठी झुंज न झालेल्या जागी.

जंगल काढायचं म्हटल्यावर लोक चमकले. पण लढाईच्या दृष्टीनं ते खरोखरच गरजेचं होतं. तोफखाना कुठून कुठवर पाहू शकत होता, पायदळाला आडोसा कुठे मिळाला, हे झाडीत समजत नाही. नकाशावर ज्या चाली वेडेपणाच्या वाटतात, त्या मोकळ्या शेतात उभं राहिलं की कळतात.

नॉयट्रांच्या इमारतीवर मात्र दोन जतनवादी समोरासमोर आले. एक गट म्हणे, रणभूमी एकच आहे, तिला दुसरी जागा नाही. इमारती वास्तुरचनाकाराच्या इतरही आहेत. कायद्यानं सल्ला देणारी केंद्रीय परिषद १९९९ मध्ये याच बाजूला झुकली. दुसरा गट म्हणे, आधुनिक वास्तुकलेचा वारसा अजून लोकांच्या डोळ्यांत भरलेला नाही, म्हणून तो पडतो. उद्या त्याची किंमत कळेल तेव्हा काही उरलेलं नसेल. २००६ मध्ये अलीकडच्या काळातल्या वास्तूंसाठी झटणारी एक संस्था आणि नॉयट्रांचे चिरंजीव, स्वतःही वास्तुरचनाकार असलेले डिऑन नॉयट्रा, कोर्टात गेले.

२०१० मध्ये फेडरल न्यायाधीशांनी सांगितलं, की पर्यावरण कायद्याखाली या एका इमारतीपुरता, पर्यायांसह नीट विचार खात्यानं केलेलाच नाही. पाडा किंवा ठेवा, असा तो निकाल नव्हता. गृहपाठ करा, असा होता. खात्यानं मग इमारत आहे तशी बंद ठेवणं, उचलून दुसरीकडे नेणं आणि पाडणं हे पर्याय तपासले, जनतेची मतं मागवली, आणि २०१३ च्या जानेवारीत पाडायचं नक्की केलं. तोवर इमारतीनं पन्नाशी गाठलेली होती. वास्तू 'ऐतिहासिक' ठरवण्यासाठी तिथे सहसा पन्नास वर्षांचा दंडक लावतात. पन्नाशी भरली आणि ती पडली.

चित्र आधीच बाहेर पडलं होतं. ते तुकड्या-तुकड्यांनी सोडवून, कापलेलं आकाश पुन्हा रंगवून, योग्य ताण देऊन २००८ मध्ये नव्या केंद्रात लावलं. आता ते ३७७ फूट लांब आणि ४२ फूट उंच आहे, पायथ्याची मांडणीही परतली आहे. जुन्या व्हिजिटर सेंटरमधला 'इलेक्ट्रिक मॅप', रंगीत दिव्यांनी सैन्यांच्या हालचाली दाखवणारा, कित्येक पिढ्यांच्या शाळकरी मुलांचा लाडका नकाशा मात्र नव्या इमारतीत आला नाही. कापून पेट्यांत भरला, २०१२ मध्ये लिलावात सुमारे १४,००० डॉलरना गेला, आणि पुढे शेजारच्या हॅनोव्हर गावात पुन्हा उजळला. लोकांना त्याचं दुःख नॉयट्रांच्या इमारतीपेक्षा जास्त झालं, असं मला वाटतं. त्यात नवल नाही. प्रेम वास्तुशैली पाहून बसत नाही, लहानपण पाहून बसतं.

अर्धं कारण

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे. '१८६३ परत आणायचं' हे खात्याचं कारण. पण १,३०० स्मारकं १८६३ ची नाहीत. त्यांच्यामधून जाणारे गुळगुळीत रस्ते नाहीत. लींचा घोड्यावरचा पुतळा असलेलं व्हर्जिनियाचं स्मारक १९१७ चं आहे, नॉर्थ कॅरोलिनाचं १९२९ चं. यांपैकी काहीही काढायचं, असं आराखड्यात कुणी म्हटलं नाही, आणि म्हणायलाही नको होतं. म्हणजे प्रत्यक्षात निवड अशी झाली: माजी सैनिकांच्या पिढीनं चढवलेला थर ठेवायचा, मोटारवाल्या पिढीनं चढवलेला काढायचा. ही निवड मला मान्य आहे. ज्यांनी तिथे गोळ्या खाल्ल्या त्यांच्या हाताचा दगड आणि आमच्या सोयीसाठी त्यांच्या फळीवर टाकलेला वाहनतळ, यांत फरक करायलाच हवा. पण मग तसं उघड सांगावं. 'मूळ रूप' हा शब्द वापरला की निवड केलीच नाही असं भासतं. आणि निवड लपली की तिच्यावर वाद करायची जागाही जाते. २०१० चा निकाल मला महत्त्वाचा वाटतो तो एवढ्यासाठी: त्यानं खात्याला वाद घालायला भाग पाडलं.

इमारत वाचवणाऱ्यांचाही एक मुद्दा मी अजून खोडू शकलेलो नाही. त्या पिंपातून लाखो लोकांनी गेटिसबर्ग पाहिलं. शीतयुद्धाच्या काळात अमेरिका स्वतःची लोकशाही जगाला कशी दाखवू पाहत होती, त्याचा तो पुरावा होता. आता तो फक्त छायाचित्रांत आहे.

फलक

जमिनीचा वाद चालू असताना शब्दांचा वादही चालू होता, आणि तो जास्त कडवट होता. १९९४ पासून तिथे प्रमुख असलेले जॉन लॅटशर यांनी एका भाषणात युद्धाच्या कारणांत गुलामगिरीचा उल्लेख केला. लगेच त्यांना काढा म्हणणारी पोस्टकार्डं मंत्र्यांच्या टेबलावर येऊन पडली. माणूस इतिहासाचा पदवीधर, व्हिएतनामला जाऊन आलेला. घाबरला नाही. त्यानं एरिक फोनर, जेम्स मॅकफर्सन आणि निना सिल्बर या इतिहासकारांना बोलावलं आणि आमचे फलक, आमची व्याख्यानं तपासून द्या म्हटलं. १९९८ मध्ये यादवी युद्धाच्या रणभूमींचे प्रमुख नॅशव्हिलला जमले आणि लढाई का झाली हेही सांगायचं, असं ठरलं. पुढे अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, खासदार जेसी जॅक्सन ज्युनियर यांनी अर्थसंकल्पाच्या कायद्यात तशी सूचनाच घालून घेतली: रणभूमींवर गुलामगिरीचं स्थान सांगा.

विरोधकांचं म्हणणं दुर्लक्ष करण्याजोगं नव्हतं. सैनिकाच्या कबरीपाशी राजकारण कशाला, हा त्यांचा सवाल. पणजोबा तिथे पडले असतील तर तो बोचतोच. पण कबरीवर 'तो शूर होता' एवढंच लिहायचं, आणि तो कुठल्या बाजूनं, कशासाठी लढला ते गाळायचं, हेही राजकारणच की. फक्त जुनं आणि अंगवळणी पडलेलं.

२००८ च्या नव्या संग्रहालयात दालनांना लिंकनच्या भाषणातल्या ओळींची नावं आहेत, आणि सुरुवात बंदुकीनं होत नाही, गुलामगिरीनं होते. ब्रायनचं नावही आता सांगितलं जातं.

ब्रायन लढाईआधीच कुटुंबाला घेऊन पळाला होता. कारण साधं होतं. लींच्या सैन्यातल्या तुकड्या पेनसिल्व्हेनियात शिरताना दिसेल त्या कृष्णवर्णीयाला, स्वतंत्र असो की पळून आलेला, पकडून दक्षिणेत गुलामगिरीत पाठवत होत्या. परत आला तेव्हा घराच्या भिंतींत गोळ्या, पिकं तुडवलेली, कुंपणं चुलीत गेलेली. त्यानं सरकारकडे १,०२८ डॉलरची भरपाई मागितली. मिळाले १५ डॉलर, गवताचे. १८६९ मध्ये त्यानं शेत विकलं. ते घर खात्यानं डागडुजी करून उभं ठेवलंय, आणि नॉयट्रांची इमारत बांधली तेव्हाही ते तिथेच होतं. चाळीसहून जास्त वर्षं लोक तिच्या गच्चीवर चढून पिकेटचा हल्ला पाहत राहिले. घर त्यांच्या पायाशीच होतं.

राईत आता पुन्हा झाडं आहेत. सरकवलेल्या स्मारकांपैकी काही त्यांच्या जागी परत गेली. टेकाडाच्या वरच्या अंगाला राष्ट्रीय दफनभूमी आहे, जिथे १९ नोव्हेंबर १८६३ रोजी लिंकन बोलले. रणभूमीवर इतस्ततः पुरलेले उत्तरेचे मृत सैनिक तिथे आणण्याचा ठेका मृतदेहामागे १ डॉलर ५९ सेंटला दिला गेला होता. उकरून काढायचं, शवपेटीत घालायचं आणि गाडीवरून वाहायचं काम पाच महिने चाललं, साडेतीन हजारांच्या आसपास देह. ते काम करणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांच्या टोळीचा मुकादम बेसिल बिग्ज होता, तोच पुढे झाडांवरची कुऱ्हाड थांबवणारा. तो स्वतः गावाच्या दुसऱ्या टोकाला लिंकन सेमेटरीत आहे. १८६७ मध्ये गावातल्या कृष्णवर्णीयांनी आपल्या माणसांसाठी ती दफनभूमी काढली. उत्तरेच्या कृष्णवर्णीय पलटणींतून लढलेले तीसेक सैनिकही तिथेच पुरलेले आहेत.